मोठी फांदी उतरवण्याचं काम: चढण्याआधी काय पाहायचं, काप कुठे घ्यायचे आणि चुका कुठे होतात

फांदी तुटताना खोडाची साल हातभर सोलून निघते. उतरवलेला ओंडका फिरून कापणाऱ्याच्याच अंगावर येतो. पाय सुटतो आणि दोराला लटकलेला माणूस झोका घेऊन खोडावर आदळतो. हे सगळं कापताना घडतं, पण त्याची कारणं बहुतेक वेळा चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) सुरू होण्याच्या आधीची असतात. बेचका न तपासता त्यावर दोर टाकलेला असतो, वजनाचा अंदाज घेतलेला नसतो, खालच्या माणसाशी काहीच ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे: वाढलेल्या झाडाची जाड, जिवंत फांदी दोरावर चढून उतरवणे.

हे वाचून कुणी पहिल्यांदा झाडावर चढू नये. दोरावर चढणं आणि वर चेनसॉ चालवणं हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, आधी कमी उंचीवर शिकायचं असतं. तुम्ही स्वतः चढत नसाल आणि काम कुणाला देणार असाल, तर त्या माणसाने काय करायला हवं हे तुम्हाला यातून कळेल.

टप्पा १: झाड खालून तपासा

झाडाभोवती दोन फेऱ्या मारा. पहिली खोडाला लागून, नजर जमिनीवर ठेवून. दुसरी लांबून, शेंड्याकडे पाहत.

पहिल्या फेरीत मुळं पाहायची. एका बाजूची माती उचललेली किंवा अर्धगोलाकार भेगाळलेली असेल, तर मुळांची पकड सुटत चालली आहे. बुंध्याशी फळीसारखी टणक बुरशी आली असेल, तर आतलं लाकूड कुजत आहे असं धरून चाला. गॅनोडर्मा ही त्यातली नेहमी दिसणारी. वर पालवी हिरवीगार आहे यावर भरवसा ठेवू नका. पाणी वर नेणारं लाकूड खोडाच्या बाहेरच्या थरात असतं, त्यामुळे गाभा पोकळ होऊनही झाड वर्षानुवर्षं हिरवं राहू शकतं. लाकडी किंवा रबरी हातोड्याने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून पाहा. निरोगी भागातून भरीव, आखूड आवाज येतो आणि पोकळ भाग घुमतो. याने ढोलीचा नेमका आकार कळत नाही, पण कुठे संशय घ्यायचा ते कळतं.

दुसऱ्या फेरीत बेचके पाहायचे, शक्यतो दुर्बिणीने. चांगल्या बेचक्यात दोन फांद्यांच्या मध्ये सालीची उंचावलेली वळकटी दिसते. अरुंद बेचक्यात साल आत वळून दोन्ही फांद्यांच्या मध्ये दाबली गेली असेल, तर तिथे लाकडाला लाकूड जोडलेलं नसतं. असा बेचका बाहेरून कितीही जाड दिसला तरी त्याच्यावर चढदोर नको. अडकून लोंबणाऱ्या तुटक्या फांद्या, वठलेले शेंडे, मधमाश्यांची पोळी, घरटी हेही याच फेरीत पाहून घ्या. ढोलीतल्या मधमाश्या चेनसॉच्या थरथरीने बाहेर पडतात आणि दोरावर बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. घरट्यात पिल्लं असतील तर काम पुढे ढकला.

*तपासणी:* बुंधा किंवा मुळांबद्दल शंका उरली असेल तर चढू नका. अशा झाडाचं काम उचल-पाळण्यातून, म्हणजे गाडीवरच्या यंत्राने वर जाणाऱ्या पाळण्यात उभं राहून करायचं. वारा फांद्या हलवत असेल, साल ओली असेल, वीज कडाडत असेल, तर त्या दिवशी काम नको.

टप्पा २: विजेच्या तारा

हा टप्पा छोटा आहे आणि यात तडजोड नाही. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान ३ मीटर अंतर, त्याहून जास्त दाबाच्या तारांपासून आणखी जास्त. तुमच्या भागातला नियम याहून कडक असेल तर तो पाळायचा. हे अंतर फक्त तुमच्या शरीराचं नाही. हातातलं अवजार, दोर आणि कापल्यावर फिरणारी फांदी या सगळ्यांचं ते अंतर आहे. ओल्या दोरातून आणि ओल्या फांदीतून वीज वाहते. घराकडे येणाऱ्या तारेवर आवरण दिसलं तरी ती उघडी आहे असंच समजा. झाड तारांच्या जवळ असेल तर वीजपुरवठा करणाऱ्यांकडून पुरवठा बंद करून घ्या आणि तो बंद झाल्याचं त्यांच्याच माणसाकडून ऐका.

टप्पा ३: जमीन, माणसं आणि सुटकेची तयारी

फांदी पडेल ती जागा दोरी लावून बंद करा. फांदी आदळून उसळते, घरंगळते, उतारावरून गडगडत जाते, म्हणून घेरा फांदीच्या लांबीपेक्षा बराच मोठा ठेवा. अख्खं झाड पाडायचं असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको.

बोलायचे शब्द आधी ठरवा. वरचा विचारतो, “खाली मोकळं?” खालचा स्वतः पाहून म्हणतो, “मोकळं!” हे उत्तर ऐकू आल्याशिवाय शेवटचा काप घ्यायचा नाही. मान हलवणं किंवा हात दाखवणं म्हणजे उत्तर नव्हे. कानांवर संरक्षक असतील तर हेल्मेटमधले रेडिओ वापरा, नाहीतर यंत्र थांबवून बोला.

आता सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. चढणारा एकटा कधीच नसावा, आणि खाली फक्त फांद्या ओढणारा माणूस असणं पुरेसं नाही. वर चढून जखमी माणसाला खाली आणू शकेल असा दुसरा चढणारा, त्याचा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि दोर तयार, हे काम सुरू होण्याआधी हवं. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. बाहेरची मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. चेनसॉची जखम खोल आणि फाटकी असते. म्हणून रक्त थांबवणारी मोठी पट्टी आणि हातापायाला आवळायचा पट्टा चढणाऱ्याच्या हार्नेसवरच असावा. गाडीतल्या पेटीचा वर लटकलेल्या माणसाला उपयोग नाही.

*तपासणी:* जागेचा पत्ता आणि जवळची खूण कागदावर लिहून खालच्या माणसाच्या खिशात ठेवा. गडबडीत पत्ता आठवत नाही.

टप्पा ४: अंगावरचं आणि हातातलं साहित्य

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासह हवं. डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानांवर संरक्षक. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, ऐकू कमी येऊ लागल्यावर संरक्षक घेऊन काही उपयोग होत नाही.

चेनसॉच्या पँटबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ही पँट साखळीला कापू देत नाही असं नाही. वरचं कापड कापलं जातं, आतले लांब धागे साखळीबरोबर ओढले जातात आणि चक्रात गुंतून यंत्र अडवतात. पहिल्या वर्गाच्या पँटची चाचणी साखळीच्या सेकंदाला २० मीटर वेगावर होते, दुसऱ्याची २४ आणि तिसऱ्याची २८ मीटरवर. बॅटरीवरची चेनसॉ त्याच पद्धतीने अडेलच असं धरू नका. ‘ए’ प्रकारची पँट फक्त पुढून संरक्षण देते. ती जमिनीवर उभं राहून कापणाऱ्यासाठी. झाडावर पाय कुठल्याही दिशेला असतात, म्हणून चढणाऱ्याला चहूबाजूंनी थर असलेली ‘सी’ प्रकारची पँट हवी. फाटलेली पँट आरपार शिवून घेऊ नका. टाक्यांमध्ये आतले धागे अडकतात आणि मग ते ओढलेच जात नाहीत.

चढदोर रोज, पूर्ण लांबीभर, उघड्या बोटांतून सरकवत तपासा. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. एखाद्या ठिकाणी दोर अचानक मऊ लागतो, चपटा होतो किंवा आत गाठीसारखं काही जाणवतं, तिथे आतला गाभा दुखावलेला असतो. वरचे धागे चकचकीत आणि कडक झाले असतील तर ते घर्षणाने वितळले आहेत. अशा दोरावर चढायचं नाही. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, आपोआप बंद होणारे आणि उघडायला तीन हालचाली लागणारे असावेत. दहा वेळा उघडून सोडा, एकदाही अर्धवट बंद झाला तर तो बाजूला काढा.

चेनसॉची तपासणी या क्रमाने करा:

१. साखळीचा ताण. साखळी बारवरून (ती जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवरून) हाताने ओढून सोडली की टपकन जागेवर बसावी, खाली लोंबू नये.

२. धार. लहान ३/८ साखळीला (हे साखळीचे माप, इंचांत) ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ साखळीला ४.८ मिलिमीटरची. कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंश, पण तुमच्या साखळीच्या पाकिटावर दिलेला तोच घ्या. प्रत्येक दातावर कानस सारख्याच वेळा फिरवा, नाहीतर काप एका बाजूला वळतो. लाकडाच्या चकत्या उडत असतील तर धार आहे. पीठ पडत असेल तर नाही, आणि मग माणूस यंत्र दाबायला लागतो.

३. साखळीचा ब्रेक. यंत्र चालू करून ब्रेक लावा, साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे.

४. इंधन. टू-स्ट्रोक यंत्राला सहसा ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. इंधन गरम यंत्रात ओतू नका आणि ओतलं त्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करा.

*इशारा:* वरच्या हँडलची छोटी चेनसॉ एका हातात मावते, म्हणून ती एका हाताने चालवायची असते असं नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र चेहऱ्याच्या दिशेने उसळतं. ते दोन हातांनी आणि पुढच्या हँडलभोवती अंगठा वळवून धरलं असेल तरच आवरतं.

टप्पा ५: दोर वर नेणे आणि आधार पारखणे

वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी आधी निवडलेल्या बेचक्यातून टाकायची आणि तिच्या मागून चढदोर ओढून घ्यायचा. पिशवी अडकली तर हिसका देऊ नका. ताणलेली दोरी सुटून पिशवी सरळ तोंडावर येते. दोरीचं दुसरं टोक ओढून ती मागे घ्या.

आधाराची फांदी जिवंत हवी, किमान १० सेंटिमीटर जाड हवी आणि दोर खोडाच्या अगदी लगत बसलेला हवा. दोर फांदीवर जितका बाहेर, तितका तरफेचा जोर जास्त. शिवाय आधार कामाच्या जागेच्या बराच वर असावा. तो खाली असेल किंवा तुम्ही बाजूला फार दूर गेलात, तर दोर आडवा होत जातो. मग पाय सुटल्यावर तुम्ही खाली पडत नाही, झोक्याने खोडावर जाऊन आदळता.

*तपासणी:* चढण्याआधी दोघांनी मिळून दोरावर पूर्ण भार टाका, काही वेळा हलकेच उसळा आणि नजर आधारावर ठेवा. हेल्मेट तेव्हाही डोक्यावर हवं, कारण वठलेल्या काड्या याच वेळी पडतात.

टप्पा ६: चढणे आणि जागेवर बसणे

चढदोरावर सरकणारी आणि भार पडताच आवळणारी गाठ बांधा. ब्लेक, प्रुसिक किंवा तुम्ही ज्यावर शिकला आहात ती. नवी गाठ शिकायची जागा जमिनीजवळ. जमिनीपासून फूट-दोन फूट वर गेलात की तिथेच पूर्ण वजन टाकून बसा आणि गाठ धरते आहे ना ते पाहा. दोराच्या मोकळ्या टोकाला जाड गाठ मारून ठेवा. उतरताना दोर कमी पडला, तर तीच तुम्हाला दोराबाहेर घसरू देणार नाही.

पायांना बांधायचे काटे फक्त पूर्ण तोडायच्या झाडासाठी. छाटणीच्या झाडावर काट्याचं प्रत्येक पाऊल सालीखालच्या जिवंत थरात नवी जखम करतं.

कापायच्या जागी पोचल्यावर लॅनयार्ड, म्हणजे कमरेचा आखूड दोर, खोडाभोवती घ्या. चेनसॉ चालू करताना तुम्ही दोन स्वतंत्र जागी बांधलेले असायलाच हवं. एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा तुम्हाला धरेल. लॅनयार्डमध्ये पोलादी तार असली तरी चेनसॉ ती कापू शकते.

टप्पा ७: वजनाचा हिशेब

फांद्यांचं वजन बहुतेक जण कमी धरतात. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं, म्हणजे घनमीटरला १००० किलोच्या आसपास धरा. ३० सेंटिमीटर व्यासाचा १ मीटर लांब तुकडा सुमारे ७० किलो भरतो. व्यास ४० झाला की तोच मीटरभर तुकडा सुमारे १२५ किलो. जाडी दुप्पट तर वजन चौपट, आणि पानांचा भार वेगळा.

खाली मोकळी जागा असेल तर लहान तुकडे करून सोडणं सगळ्यात सोपं. छप्पर, भिंत किंवा रस्ता असेल तर दोराने उतरवावं लागतं. उतरवण्याचा दोर चढदोरापासून पूर्ण वेगळा ठेवा. जो दोर एकदा ओंडके उतरवायला वापरला, त्यावर माणूस चढायचा नाही. कप्पीवरून दोर खाली जातो तेव्हा एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला तितकाच ताण असतो, त्यामुळे कप्पी बांधलेल्या जागेवर जवळजवळ दुप्पट भार येतो. ओंडका थोडा पडून मग दोराने एकदम अडवला, तर हा भार कितीतरी पट वाढतो. म्हणून कप्पी कापाच्या वर असेल अशी जागा शोधा, तुकडे लहान ठेवा आणि खालच्या माणसाला दोर धावता ठेवून हळूहळू थांबवायला सांगा. बुंध्याला बांधलेल्या घर्षणाच्या नळीवर वेढे घेतले की हे जमतं.

*इशारा:* दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. खालच्या माणसाचा पाय दोराच्या वेटोळ्यात नसावा.

टप्पा ८: तीन काप

प्रत्येक कापाआधी हे स्वतःला विचारा: माझे दोन्ही दोर कुठे आहेत, तुकडा कुठल्या दिशेला फिरेल, आणि बारचं टोक कशाला लागेल?

पहिला काप, खालून. खोडापासून ३० ते ४५ सेंटिमीटर बाहेर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. बार आवळला जातोय असं वाटलं की थांबा. अजून थोडं म्हणून पुढे गेलात तर यंत्र तिथेच अडकतं.

दुसरा काप, वरून. पहिल्यापेक्षा थोडा बाहेर, २ ते ५ सेंटिमीटरवर. फांदी वाकायला लागेल आणि तिची चीर खालच्या कापाशी येऊन थांबेल. पहिला काप नसता तर हीच चीर साल सोलत खोडावरून खाली गेली असती. फांदी सुटली की ब्रेक लावा, मगच हालचाल करा.

तिसरा काप, खुंट काढणे. झाडाचं पुढचं आयुष्य याच कापावर ठरतं, आणि याच ठिकाणी लोक घाई करतात. फांदी खोडाला मिळते तिथे वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली वळकटी असते आणि खालच्या बाजूला फुगवटा, ज्याला कॉलर म्हणतात. काप वळकटीच्या लगेच बाहेरून सुरू करायचा आणि कॉलरच्या लगेच बाहेर संपवायचा. तो सहसा खोडाला समांतर नसतो, खालचं टोक थोडं बाहेर येतं. मी हा काप हातकरवतीनेच घ्यायला सांगतो. अर्धा सेंटिमीटर आत गेलं तर कॉलर दुखावते, आणि चेनसॉला तेवढी नजाकत नाही.

खोडाला लागून सपाट कापणं नीटनेटकं दिसतं, म्हणून ते अजूनही चालू आहे. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजणारा भाग आतून भिंती घालून वेगळा करतं आणि त्यावर बाहेरून नवं लाकूड चढवतं. ही भिंत जिथे सगळ्यात भक्कम उभी राहते तो भाग म्हणजे कॉलर. सपाट काप तोच काढून टाकतो. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वठतो, कुजतो आणि जखम झाकली जाण्याच्या आड येतो. वठलेल्या फांदीभोवती जिवंत कॉलर बरीच बाहेरपर्यंत सरकलेली असते. तिथे फक्त मेलेलं लाकूड कापा, जिवंत कड्याला धक्का नको.

कापावर रंग, डांबर किंवा शेण लावू नका. त्याने कुजणं थांबत नाही, उलट ओल आत कोंडते.

*तपासणी:* बरोबर कापाची जखम गोलसर असते. उभट, लांबट जखम म्हणजे काप आत गेला. पुढच्या वाढीच्या हंगामात नवं लाकूड जखमेभोवती सगळीकडून सारखं चढलेलं दिसलं पाहिजे. ते फक्त दोन्ही बाजूंनी आलं आणि वर-खाली नाही, तर कॉलर कापली गेली होती.

“आणखी दोन फांद्या काढून टाका” असं खालून सांगणारा कुणीतरी असतोच. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी. शेंडा छाटून झाड बुटकं करण्याची मागणी आली तर सरळ नकार द्या. छाटलेल्या टोकांवर भराभर फुटणारे कोंब वरवरच चिकटलेले असतात आणि जाड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात.

टप्पा ९: उतरणे आणि आवरणे

उतरण्याआधी वर अडकलेलं काही उरलंय का पाहा. चेनसॉ बंद करून, ब्रेक लावून हार्नेसला अडकवा. दमलेल्या हातांनी लोक भरभर उतरतात आणि गाठ तापून वितळते, म्हणून हळू या.

फांद्या भुगा करणाऱ्या यंत्रात घालताना जाड बाजू आधी, स्वतः बाजूला उभं राहून. हार्नेस, लोंबते दोर आणि सैल बाह्यांचे हातमोजे आधी काढून ठेवा. यंत्र फांदी खेचायला लागलं की त्याच क्षणी हात सोडा. जवळपास पडलेला दोर त्यात गेला तर दुसऱ्या टोकाला जे काही असेल ते घेऊनच जातो.

दोर सावलीत सुकवा, सैलसर पिशवीत भरा आणि तपासणीची तारीख वहीत लिहा. पेट्रोलचा डबा आणि गाडीची बॅटरी असते त्या कप्प्यात दोर, हार्नेस ठेवू नका. बॅटरीच्या आम्लाने नायलॉन कमकुवत होतं आणि दोरावर त्याचा डागही दिसेलच असं नाही, म्हणून आम्लाच्या जवळ राहिल्याची नुसती शंका असलेला दोरही तुकडे करून टाकून द्या.